प्रश्न नववा

दर सहा महिन्यांनी मी फोन करते
परळच्या आमच्या विभागातून,
जिथली लिफ्ट नमुन्यांसाठी आहे
आणि माणसांसाठी जिना.
यादीतल्या तीनशे सतराव्या क्रमांकाला स्वरयंत्र नाही.
सून सांगते, नाना बोलत नाहीत, पण ऐकतात;
रिसीव्हरवर बोटानं वाजवतील,
एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

भिकाजी धुरी. निवृत्त, टेलिफोन खातं.
जन्मभर दुसऱ्यांचे आवाज पोचवले आणि स्वतःचा...
असं एक वाक्य मी मनात तयार ठेवलं होतं,
आणि त्यावर खूश होते.

विडी? टक टक.
तंबाखू, मिश्री, गुटखा? टक टक.
दारू, सणासुदीला तरी?
थोडा वेळ काहीच नाही. मग टक.
(मागून सून हसते.)
प्रश्न नववा : कामाच्या जागी धूर?
टक टक टक.

तीनला माझ्याकडे चौकोन नाही.
पुन्हा विचारलं. पुन्हा तीन.
मी ‘माहीत नाही’वर खूण केली
आणि दहाव्याकडे वळले.

गुरुवारी ते स्वतःच आले.
जिना चढून, गळ्यावर विणलेला रुमाल,
खिशात डायरी आणि शिसपेन्सिलीचा तुकडा.
लिहिलं : ‘धूर नाही. वाफ.’
दम घेऊन पुढे :
‘बॅटरी रूम. एकवीस वर्षं. ॲसिड भरायचो.
खिडकी एक, तीही रंगानं चिकटलेली.
शर्टाला बारीक भोकं पडायची.
बायको म्हणायची, कसर लागली,
ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायची.’
मग वरचा ओठ उचलून दात दाखवले,
पुढचे, संपत आलेल्या साबणासारखे.
माझं ते तयार वाक्य
मी तिथल्या तिथे गिळलं.

खंबाटा मॅडम म्हणाल्या, एक माणूस म्हणजे किस्सा.
चाळीस आण, मग बोलू.
बाई कठोर नाहीत. तीस वर्षं त्यांनी
किस्स्याचा पुरावा होताना पाहिलंय,
आणि त्याहून जास्त वेळा न होताना.

धुरींनी युनियनचा एक फोटो आणला.
अकरा जण, दोन रांगा, सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे.
मी पत्ते शोधले, फोन लावले;
तक्त्यात एकच शेरा खाली खाली उतरत गेला :
संपर्क तुटला. संपर्क तुटला.
धुरींनी तो वाचला, पेन्सिलीचं टोक जिभेवर टेकवलं :
‘लाइन मेली हे ऑफिसात बसून कळत नाही.
खांबापर्यंत जावं लागतं.’

आणि गेले की! काळाचौकी, शिवडी, घोडपदेव,
एकासाठी थेट नालासोपारा.
ज्याला बोलता येत नाही तो माणूस
दारं वाजवत फिरला.
चौघांपुढे फुली घेऊन आला,
एकापुढे ‘मुलाकडे, सुरतेला, पत्ता मिळेल’,
एकापुढे ‘खोकला. डॉक्टरकडे जा म्हटलं, जात नाही’,
एकापुढे ‘ठणठणीत. चहा दिला.
दात माझ्यासारखेच.’

अकरा म्हणजे चाळीस नव्हे.
तक्ता अजून काही सिद्ध करत नाही,
त्या वाफेनंच हे केलं असं मीही म्हणत नाही.
फक्त नव्या फॉर्मवर नववा प्रश्न असा छापलाय :
कोणत्या खोलीत काम करत होता?
तिला खिडकी होती का? उघडत होती का?

या खेपेला फोनवर शेवटचं पान होतं :
जगणं कसं चाललंय, एक ते पाच.
नाना वाजवू लागले. मी मोजत होते.
चार, पाच, सहा,
थांबेचनात,
आणि मग एक फुसफुस, हवेची, गळ्यातून आलेली,
जिला घरात सगळे हसणं म्हणतात.

मी पाच लिहिलं.
पुढचा फोन ऑक्टोबरात करू ना, विचारलं.

टक.